लोणारला मीठ कशाला?

आमचा वामन हुशार, हे मी कधीच नाकारलं नाही. ताप त्या हुशारीचाच झाला.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हा मी, वामन आणि दिगंबर डोणगावहून लोणारला पायी निघालो. पाठीवर कमीत कमी ओझं, हा वामनचा कायदा. निघायच्या आधी त्याने माझी थैली ओट्यावर उपडी केली आणि मिठाची पुडी बाजूला काढली.

"मीठ काऊन काढून राह्यला बे?"

"अख्खं तळं खारं हाय तिथं, आन् तू पुडी नेऊन राह्यला!"

स्वतःचा हातभर आरसा मात्र त्याने टॉवेलात गुंडाळून घेतला.

तळ्याकाठी चूल मांडली. वामनने ऐटीत तळ्याच्याच पाण्यात तुरीची डाळ शिजत घातली. तळ्यात मिठासोबत सोडाही असतो, हे आम्हाला कुठलं ठाऊक! पांढरा फेस पातेल्याबाहेर आला तो थांबेचना.

दिगंबरने एक घोट घेतला आणि शांतपणे सदऱ्याची बटणं सोडू लागला.

"हे काय बे?" वामनने विचारलं.

"सदरा मळला. याच्यातच धुतो."

मग वामनने बोट बुडवून चाटलं. तोंड साबण खाल्ल्यासारखं झालं, पण गडी हटला नाही.

"मले एकच सांगा," तो म्हणाला, "मीठ तं बराबर हाय ना?"