जठारपेठेत देऊन आलेली डिस्क

अकोल्याच्या जठारपेठेतल्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदारानं मले फसवलं, हे आधी लिहा. नाव घेत नाही, त्याचं त्याले समजते. अन् माह्यापायी विमलताई फसल्या, हे पण लिहा.

मी सलीम, दर्यापूरचा. बाप भंगार गोळा करे, चौथीनंतर मी पण सायकलवर तेच केलं. काय सांगू तुमाले, भाव करणं मले कोणी शिकवलं नाही. समोरच्यानं भाव सांगतला की मी हसत उठून निघो, तो मागून आवाज देईच. माहा कॉम्प्युटर पण भंगारातच भेटला, बंद पडलेल्या शाळेतला, विंडोजवाला नाही, लिनक्सवाला. लोक म्हणत हा कोण चालवते, मी चालवला, बसस्टँडजवळ दुकान टाकलं, शेतकऱ्यायचे फॉर्म भरून देऊ लागलो. त्या सालात फॉर्मच फॉर्म होते, पाणी नाही तं फॉर्म, पाणी जास्त तं फॉर्म. लोकायचा सातबारा, पासबुक सारं स्कॅन करून मशीनीत ठेवत होतो.

विमलताई बाजूच्या गावच्या, नवरा गेल्यापासून शेत स्वतः करतात. कागद पेटीत, पेटीले कुलूप, कोणाच्या हाती देत नाहीत. मी तीन चकरा मारल्या तेव्हा स्कॅन करू दिलं. पीकविम्याची साइट बंद पडून होती अन् त्यायले रिद्धपूरले यात्रेले जायचं होतं. मी म्हटलं तुमी जा ताई, साइट चालू झाली की भरतो. तुह्यावर सोडून चालली, म्हणाल्या.

शेवटच्या तारखेले दोन दिवस असताना मशीनीचा पंखा घरघर करू लागला म्हणून अकोल्याले नेली. दुकानदारानं डबा उघडला, आत दोन डिस्क, एक लहान, एक मोठी. लहान आवाज करते, जुनी झाली, म्हणे. मी विचारलं कागद कोणत्यात आहेत, तं म्हणे मोठीत. मग ही लहान तूच ठेव अन् मजुरी सोड, मी म्हटलं. त्यानं माह्याकडे पायलं, हसला, अन् डबा बंद केला. चालू करून पायलं नाही, मले गाडी धरायची होती, अन् सौदा जमला म्हणून मी खुशीत होतो.

घरी बटण दाबलं तं काळा पडदा, वर एरर, खाली इंग्रजीत ग्रब रेस्क्यू, बस. त्याले फोन केला, पडद्यावर काय आहे ते वाचून दाखवलं. मोठी डिस्क पण उडाली, म्हणे, भंगारात टाका, माह्याकडून दुसरी न्या. मले भंगारवाल्याले सांगून राहिला भंगारात टाका. पण मी मानलं, दुसरा अख्खा दिवस लोकायच्या घरी फिरून कागद पुन्हा जमा केले, तवर साइट चालू झाली होती, दुसऱ्याच्या दुकानात बसून फॉर्म भरले. विमलताईचा राहिला. फोन लागेना, घराले कुलूप.

शेवटच्या दिवशी दुपारी भाचीले फोन लावला. नसरीन अमरावतीले कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं मले एलएस ही दोन अक्षरं टाकायले लावली, पडद्यावर किती डिस्कची नावं आली विचारलं. एकच, मी म्हटलं. दुसरी कुठी आहे? मी सांगतलं.

"मामू, मशीन जिथून उठते तेच तुमी देऊन आले."

मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा मुख्य भाग लहानीत होता, कागद मोठीत शाबूत होते. म्हणे, या धंद्यातल्या माणसाले पडदा कसा आहे सांगतला तरी समजते. तिनं पेनड्राइव्ह बसनं पाठवला, दुसऱ्या दिवशी त्याच्यावरून मशीन उठवली, सुरू करायचा प्रोग्राम मोठीतच नवीन टाकला. विमलताईचे कागद जसेच्या तसे समोर आले. तारीख निघून गेली होती.

विमलताई परत आल्या, पण फॉर्म राहिला हे मी त्यायले सांगतलं नाही. पीक चांगलं आलं तं विषयच मिटते, असं वाटलं. त्यायनं सोयाबीन सोंगून गंजी लावली अन् पाणी आलं, गंजीत दाण्याले कोंब फुटले. विमलताई माह्या दुकानात आल्या, ओरडल्या नाहीत.

"सलीमभाऊ, भरला नाही ते एक. पण मले सांगतलं काहून नाही?"

मी तडक जठारपेठेत गेलो, भर दुकानात त्याची गचांडी धरली, लोकायनं सोडवलं. शर्ट सारखा करत म्हणे, डिस्क तुमीच दिली, मी मागितली होती का?

नव्हती मागितली. सौदा माहा होता, गप्प राहणं पण माहं होतं. पण डबा बंद करताना तो काहून हसला? फोनवर खोटं काहून बोलला? त्याच्या खोट्यात एक दिवस गेला, तोच दिवस विमलताईचा होता. आता त्या माह्या दुकानासमोरून दुसऱ्याच्या दुकानात जातात, मान वळवत नाहीत.

मले त्याच्याकडून काही नोको. त्यानं दर्यापूरची गाडी पकडावी, विमलताईच्या ओसरीवर बसावं अन् 'मशीन काहून उठत नाही ते मले माहीत होतं' असं त्यायच्या तोंडावर सांगावं. मी बाजूले बसतो, माह्या वाट्याचं सांगतो. त्याच्या वाट्याचं कोण सांगीन?