पाच वीत सावली

—न्हाई, उठू नका पाळकसाहेब, बसा. चहा अजून निम्मा पडलाय कपात. दूध न्हाई म्हणून तसाच काळा केलाय, पण पाणी आमच्या विहिरीचं हाय. ह्या त्र्याहत्तरच्या सालात परभणीला तुमच्या बंगल्यावरसुदिक असलं पाणी भेटायचं न्हाई. ती? तिकडं बघू नका. केशरबाई हाय ती, दत्तराव पाटलाची बायको. घागर घेऊन आलीय, दुसरं काय. बसू द्या. टँकर आठ दिस झाले आला न्हाई, गावविहिरीच्या बुडाला नुसता चिखल हाय, अन् माझ्या विहिरीला पन्नास हातावर पाणी हाय. तिच्या घरची दोरी अर्ध्यातच लोंबकळती, माझी पुरती. कुठं हाय म्हणता माझी दोरी? ही काय, माझ्या मांडीखाली. वेटोळं करून वर बसलेय मी. म्हणून तर म्हणते, चहा सावकाश घ्या.

उद्या प्रभुभोजन हाय, कळलं. भाकर घ्यायच्या आधी मनातली अढी सोडायची, ते बी कळलं, इतकी वर्षं तेच ऐकायलेय. पण एक सांगा, मागल्या रविवारी तुमी सगळ्या मंडळीसमोर मला उभं कामून केलंत? — बघा म्हणं ह्या मार्थाबाई, पाटलाच्या घरानं ह्यांना कवा नीट पाणी दिलं न्हाई, अन् आज ह्याच त्या घरची घागर रोज भरून देत्यात, ह्याला म्हणत्यात प्रीती. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रीती हाय म्हणून कुणी सांगितलं तुमाला? मला इचारलं होतं का? मार्था मी फक्त तुमच्या वहीत हाय, पाळकसाहेब. बोरीपासून इथवर कुणालाही इचारा, मी मनकर्णाच हाय.

अन् ते पाणी द्यायला लावलं कुणी? तुमीच ना. त्याच्या आधीच्या महिन्यात तुमी सांगितलं — वैरी तान्हेला असला तर त्याला पाजावं, त्यानं त्याच्या टाळक्यावर इंगळ पडत्यात. मी म्हणलं, हे लय ब्येस झालं. एवढी वर्षं मला वाटायचं, माफ कर, माफ कर, एवढंच हाय शास्त्रात. इंगळाचं कुणी बोललंच न्हाई. तुमी पुढं त्याचा अर्थ सांगत होता, इंगळ म्हंजे शरम, इंगळ म्हंजे पस्तावा, असं कायतरी — ते माझ्या कानात गेलंच न्हाई. दुसऱ्याच दिशी केशरबाई दारात आली अन् मी तिला पाणी दिलं. रोज दिलं. अन् रोज तिच्या टाळक्याकडं बघायचे, पदराखाली काय जळायलंय का म्हणून. काय जळतंय. येती, उकिडवी बसती, ओंजळीनं घटाघटा पिती, घागर भरून घेती, देव तुझं भलं करो म्हणती अन् जाती. तिच्या देवाचं अन् माझ्या देवाचं काय ठरलंय कुणास ठाऊक, तिला काहीच व्हईना.

मी वरूनच ओतते तिला. हातभर वरून. पोहरा तिच्या घागरीला टेकवीत न्हाई. तुमी बघितलंय ना? तुमाला वाटलं असल, बाईची तशी रीत हाय. रीत त्यांची हाय, माझी न्हाई. आमचा ईटाळ व्हायचा म्हणून गावविहिरीच्या पायरीखाली घागर ठेवायची, चार पावलं मागं सरायचं, मग त्यांच्यातलं कुणी तरी फुरसत झाली की येणार अन् हातभर वरून ओतणार. निम्मं भुईवर. आन् फुरसत न्हाई झाली तर? तर बसायचं. दुसरं काय करणार — दोरी त्यांची, रहाट त्यांचा.

कौतिका माझी. साडेतीन वर्षाची होती. तुमाला कुणी सांगितलं न्हाई? कोण सांगणार, माझा नवरा आश्रुबा, बाप असून तिचं नाव बी काढत न्हाई. वैशाखाचे दिस, पोरीला जुलाब लागलेले, रात्रीपासून पोटात काही ठरत न्हाई, जीभ पार लाकूड झालेली, अन् नुसतं पाणी, पाणी. घरात थेंब न्हाई. शेजारच्या म्हातारीला म्हणलं, बघ गं हिच्याकडं, अन् घागर घेऊन पळाले. विहिरीवर ही केशरबाई. नुकती न्हाऊन केस झटकायलेली. मी सांगितलं, लेकरू आजारी हाय पाटलीणबाई. ती म्हणली, बस तिथं, आलेच मी जेवून. गेली. जेवली. पान खाल्लं असल. कलंडली असल जरा. दुपारचं ऊन, दुसरं कुणी फिरकलं न्हाई. मी हाक मारली न्हाई, पाळकसाहेब. भ्यायले. वाटलं, हाक मारली तर रागानं देणारच न्हाई. चुकलं का माझं? आश्रुबा म्हणतो चुकलं. म्हणत न्हाई तो, पण म्हणतो. मी रहाटाच्या खांबाची सावली बघत बसले. खांबाच्या बुडाशी होती तवा बसले, अन् धुण्याच्या दगडाला जाऊन टेकली तवा ती आली. पाच वीत. ओतलं. निम्मं सांडलं. घरी आले तर पोरीच्या तोंडावर फडकं टाकलेलं होतं.

त्यानंतर आश्रुबानं ही विहीर खांदली. चार वर्षं खांदली. खाली काळा खडक लागला, मिशनवाल्यांनी सुरुंगाची दारू दिली, तवा आमी येशूचे झालो. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू — आधी विहीर, मग येशू. त्यानं तसंच घेतलं आमाला, कुरकुर केली न्हाई, त्याबद्दल माझी तक्रार न्हाई. माझी तक्रार तुमच्याबद्दल हाय. तुमी सांगता मनातून काढून टाक. कुठं टाकू?

काल मी तिला इचारलं. पोहरा वर धरला अन् म्हणलं, केशरबाई, माझी कौतिका याद हाय का. ती वर बघायली नुसती. कोण कौतिका? मी दिस सांगितला, जुलाबाचं सांगितलं, तू जेवायला गेली होतीस ते सांगितलं. तर काय म्हणाली म्हाईत हाय? — बाई, लय जणी यायच्या गं तवा, कुणाकुणाचं याद ठिवावं. अन् माझ्या पाण्यानं तोंड धुतलं तिनं. मी चौदा वर्षं जिच्या नावानं दात खायलेय, तिला तो दिस ठाऊकच न्हाई. मग इंगळ कशाचं पडणार?

म्हणून आज मी इन्साफ करायलेय. तिकडं बघा — तिच्याकडं न्हाई, खांबाकडं. खांबाच्या बुडापासून पाच वीत मोजून तो काळा दगड सकाळीच ठेवलाय मी. ती आली तवा सावली बुडाशी होती. म्हणलं, बस तिथं, आलेच मी. तेवढ्यात तुमी आलात, बरंच झालं. सावली दगडाला टेकली की घागर भरून देणार. जास्त बसवायची न्हाई अन् कमी बी न्हाई. मी अन्यायी न्हाई. आता तीन वीत झालीय, दोन राह्यलीत.

काय म्हणली ती? तुमाला आलं ऐकू? पुटपुटती तशी रोजच. म्हातारं माणूस. — हां, नात हाय तिला. आजारी हाय म्हणं. उलट्या, जुलाब, कालपासून. लेक जनावरं घेऊन छावणीवर गेलाय, सून पोरीच्या उशाशी बसलीय, म्हणून ही आली. मला म्हाईत हाय. आल्या आल्या तेच सांगितलं तिनं. पण दगड मी त्याच्या आधी ठेवला होता, पाळकसाहेब, सकाळीच. मला काय ठाऊक नात आजारी पडल. अन् किती वर्षाची म्हणून काय इचारता? असल तीन-चार वर्षाची. असं बघू नका माझ्याकडं.

बसा म्हणते ना. तीनावरच देऊन टाक म्हणता? मला कुणी दिलं तीनावर? मी पाच बसले, मग तिनं पाच बसावं. मला तीनावर दिलं असतं तर — तर काय झालं असतं ते मला ठाऊक न्हाई. तेच तर ठाऊक न्हाई. म्हातारीला इचारलं होतं मी, कवा गेली गं. ती म्हणली, आत्ताच, तू येऊ येऊ तवर. आत्ताच म्हंजे कवा? मी पाण्याला बसले होते तवा सावली कुठवर आली होती? पाचावर न्हाई गेली ती. मी आले तवा अंग गार लागायलं होतं. म्हंजे चारावर गेली असल. तीनावर बी —

सरका. मांडी उचलू द्या मला, दोरी निघना.

न्हाई, तुमी हात लावू नका. माझी विहीर हाय, मीच शेंदते. तुमी शेंदलं तर ती तुमचे पाय धरणार अन् तुमी तिला प्रीती सांगत बसणार. ए केशरबाई, घागर आण हिकडं. जवळ आण. अजून जवळ, पोहऱ्याला टेकव. वरून ओतलं की सांडतंय, आज सांडायला नको. धर. आन् एकदम पाजू नकोस तिला, उलटून पडल, चमच्या चमच्यानं पाज. पाया-बिया पडू नको, येळ न्हाई, चल नीघ. — ए, नाव काय पोरीचं? बरं. जा.

तुमी डोळे कामून मिटलेत? प्रार्थना नको. ही माफी न्हाई, पाळकसाहेब. पोरीनं माझं काही केलं न्हाई, म्हणून पोरीला पाणी. केशरबाईचं माझ्या मनात जे हाय ते हायच, ते मी सोडलेलं न्हाई. उद्या मंडळीत माझं नाव काढायचं न्हाई. अन् भाकर वाटत माझ्यापाशी आलात की थांबू नका, पुढं जावा. तुमची सायकल तिकडं बाभळीला टेकवलीय.