यमूच्या डोळ्यांपायी

अगो, फोटोवाल्यांचं नाव काढू नको माझ्यासमोर. माझ्या नातीचं लग्न होतं रोह्याला. तिची आई लवकर गेली, तिला वाढवली माझ्या धाकट्या बहिणीनं, यमूनं. यमूचा सगळा जन्म पेणच्या खाडीवर मिठागरात गेला. पांढऱ्या मिठावरचं ऊन सोसून डोळे असे झालेत, की लख्ख उजेड आला की आपोआप मिटतात.

सगळं गणगोत स्टेजवर दाटीवाटीनं उभं केलं आणि फोटोवाल्यानं दोन्ही बाजूंनी मोठाले लाईट लावले. प्रत्येक फोटोत यमूचे डोळे बंद. शेवटी तो म्हणतो, "या आजींना खाली बसवा. यांच्यामुळे अख्खा ग्रुप खराब होतोय."

यमू बिचारी पदर सावरत निघाली. "जाऊ दे गो, माझा फोटो घेऊन काय करायचाय?"

माझं टाळकं फिरलं. "जिनं पोर वाढवली ती खाली बसंल व्हय? आणि सांगणारा तू कोण रे?"

तेवढ्यात नातीनंच यमूचा हात धरला आणि तिला शेजारी उभी केली. आम्हाला म्हणाली, "सगळ्यांनी डोळे मिटा. मग कोणामुळे काय खराब व्हायचं नाय."

मिटले आम्ही. नवऱ्याकडच्यांनीसुद्धा मिटले. सगळे खरंच मिटतात का काय म्हणून यमू उजेड विसरून बघायला लागली, आणि तेवढ्यात फोटोवाल्यानं बटण दाबलं.

भिंतीवर तोच फोटो हाय. सगळं वऱ्हाड झोपलेलं आणि एकटी यमू टक्क जागी.