केस पिळत आली

(लोककथांच्या पुस्तकाचं छपाईआधीचं शेवटचं वाचन. लेक प्रूफ मोठ्यानं वाचते, विरामचिन्हांसकट. लेखक हस्तलिखितावर बोट फिरवत तपासतो. चित्रकार खिडकीपाशी, चित्रं पसरून.)

लेक : …गावाचा विस्तव तळ्यानं गिळला होता पूर्णविराम तो आणायला आई तळाशी गेली स्वल्पविराम आणि मुलगी काठावर थंड चुलीपाशी बसून राहिली पूर्णविराम

लेखक : बरोबर. पुढे.

लेक : मग पाण्यातून एक हात वर आला पूर्णविराम हातात शिंपल्यात झाकलेला विस्तव होता पूर्णविराम मुलीनं तो घेतला आणि मग आई काठावर आली, केस पिळत आली नि म्हणाली, एवढा वेळ उपाशी बसलीस? चूल पेटव, मी आलेच.

लेखक : थांब.

लेक : चुकलं का?

लेखक : माझ्याकडे हे नाही. माझ्याकडे आहे, ‘हात पुन्हा पाण्यात गेला.’ संपली गोष्ट.

चित्रकार : माझ्याही चित्रात नुसता हात आहे, काका. आई हवी असेल तर आत्ताच बोला. पाणी रंगवताना माझा जीव अर्धा झालाय.

लेखक : काही नकोय. तुझ्या प्रकाशनातल्या साहेबांनी सांगितलं वाटतं?

लेक : कोणी काही सांगितलं नाही.

लेखक : परवा तेच म्हणाले ना, मुलं घाबरतील, शेवट गोड करा नाहीतर गोष्ट गाळा. मी नाही म्हटलं. आता लेकीला पुढे केलं.

लेक : बाबा, तसं करायचं असतं तर तुमच्यासमोर ओरडून कशाला वाचलं असतं? गुपचूप छापून मोकळी झाले असते.

चित्रकार : हे पटण्यासारखं आहे.

लेखक : तू चित्रं बघ. दाखव ते प्रूफ.

लेक : घ्या. इथेही ‘हात पुन्हा पाण्यात गेला’ असंच आहे.

लेखक : मग तू वाचत काय होतीस?

लेक : तेच कळत नाहीये.

लेखक : वाचतच नव्हतीस. ‘केस पिळत आली’ म्हणालीस आणि पुढे स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. सरळ बोलत सुटलीस.

लेक : मला ही गोष्ट तशीच पाठ आहे. तुम्हीच सांगायचात लहानपणी.

लेखक : मी? छे. मी ती एका नावाड्याकडून ऐकली, आणि त्यानं हात पाण्यात नेला तो नेलाच. घरी मी ती कधी काढलीच नाही. तुझ्या आईला तेवढी सांगितली, दवाखान्यात. तिचा वेळ जाईना म्हणून. तू बाहेर बाकावर झोपली होतीस.

लेक : मग मला कोणी सांगितली?

लेखक : ते मी कसं सांगू?

लेक : अंधुक आठवतंय. कोणीतरी मागून वेणी घालत होतं. हात सारखा थांबायचा, दम खायचा, पुन्हा सुरू. आणि गोष्ट चालली होती. बाबा, तुम्ही माझी वेणी कधी घातलीत?

लेखक : मला अजून बुटाची नाडी धड बांधता येत नाही.

लेक : मग आईच.

लेखक : ‘एवढा वेळ उपाशी बसलीस?’

लेक : शाळेतून आले की पहिलं हेच.

लेखक : मलाही हेच. भिंतीवरच्या पालीलाही तिनं हेच विचारलं असतं.

लेक : तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?

लेखक : मला वाटलं, गोष्ट तिला आवडली नाही. ऐकून घेतली, कूस बदलली आणि म्हणाली, उद्या येताना माझा कंगवा आणा. मी म्हटलं, पडून आहेस, कंगवा कशाला? तरी नेला.

लेक : मला तुमचा राग यायचा, बाबा. पुढे कितीतरी वर्षं.

लेखक : माझा?

लेक : आपल्या घरात गोष्टी सांगणारे तुम्ही. ही पण तुमच्याच माथी मारली. वाटायचं, बाबांनी सांगितलं आई येईल, आणि आई काही आली नाही.

लेखक : कधी बोलली नाहीस.

लेक : काय बोलणार? तोवर मोठी झाले होते.

चित्रकार : मी चहा सांगून येतो.

लेखक : बस रे. चित्रात हाताखाली जागा किती आहे?

चित्रकार : खाली पाणीच पाणी आहे. बसतील चार ओळी.

लेखक : शेवट माझाच राहील. हात पाण्यात गेला. ऐकलं तसं लिहायचं, हा माझा नियम आहे, आणि तो साहेबांसाठी मोडणार नाही. पण ऐकलं ते सगळं लिहायचं, हाही नियमच आहे. घे लिहून. ‘काही घरांत ही गोष्ट अशीही सांगतात.’

लेक : काही घरांत कुठे? एकाच घरात.

लेखक : मग एकाच घरात लिही. खोटं कशाला?

लेक : आणि गोष्टीखाली ‘सांगणारा, नावाडी’ असं आहे, त्याच्या शेजारी?

लेखक : सांगणारी, एका मुलीची आई.

लेक : लिहिलं.

लेखक : आता तिचं बोलणं घाल. शब्द इकडचा तिकडे करू नकोस.

लेक : घातलं. वाचून दाखवू?

लेखक : वाच. माझ्याकडे ताडून बघायला काही नाही, मी नुसता ऐकतो. आणि हे बघ, विरामचिन्हं म्हणू नकोस.