बाबांच्या मापाची खुर्ची

तो मंगळवार अगदी नेहमीसारखा होता. इथे परदेशात, टार्निटच्या आमच्या प्रायमरी शाळेत मी आर्ट शिकवते, आणि दुसरीची मुलं पुठ्ठ्याच्या खुर्च्या बनवत होती. मधल्या सुट्टीत पुण्याहून भावाचा फोन आला. बाबा गेले.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तू घरी जा, आम्ही बघतो."

मी म्हटलं, "नवरा गाडी घेऊन येईपर्यंत तास घेते. सगळ्यांचे हात गोंदाने भरतील, तुम्हाला आवरणार नाहीत."

माझ्या वर्गात एकच नियम आहे. खुर्ची ज्याच्यासाठी करायची, त्याला आधी विचारायचं. न विचारता केलेली खुर्ची कितीही सुंदर असो, खिडकीतल्या 'नॉट डन' फळीवर जाते. मुलं हा नियम माझ्यापेक्षा कडक पाळतात.

आरव सांगत होता, "मिस, आजोबांना विचारलं. त्यांना कप होल्डर हवाय. आणि पाठ एवढी उंच, की आजीला ते दिसणारच नाहीत!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले.

तेवढ्यात रूबीने माझ्या टेबलावरची नमुन्याची खुर्ची उचलली. "हू इज धिस फॉर, मिस?"

"माय डॅड. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून बसायला उंच केलीय."

"डिड यू आस्क हिम?"

"नो."

रूबीने मान हलवली, खुर्ची नेऊन फळीवर ठेवली आणि म्हणाली, "नो वरीज, मिस. आस्क हिम टुनाइट."

खुर्ची अजून तिथेच आहे. बाबांना विचारायचं राहिलं.