मधल्या खोलीतलं शेवाय

नाही हो भाऊ, माशांच्या टाकीचं पाणी बदलते की मी — आमचे हे बदलायचे तसंच, थोडं काढायचं, थोडं घालायचं, सगळं एकदम नाही — काच पण पुसते, पण आज पुसली की दोन-चार दिवसांत पुन्हा हिरवीगार, आता तर पानांवर पण बसलं, हात लावून बघा, कसं बुळबुळीत लागतं — शेवाय. तुम्ही जळगावचे दुकानदार लोक शेवाळ म्हणाल, आमच्या नशिराबादला शेवायच. मागे आमच्या लेकीचा, डिंपलचा मुलगा पुण्याहून आला होता, हे म्हणाले टाकीत शेवाय झालं, तर तो वाटी-चमचा घेऊन हजर, म्हणे आजोबा मला पण द्या शेवया! — हे इतके हसले, इतके हसले की ठसकाच लागला. बसा ना. त्या खुर्चीवर नको — इकडे, पलंगावर बसा. त्या खुर्चीवर कोणी बसत नाही आता.

लाईट? लाईट असते… थोडा वेळ. लावते, बंद करते. मला विचाराल तर खाऊचाच दोष — शेजारच्या लताबाई येतात, मी नको नको म्हणते तरी चिमूटभर जास्तच टाकतात, म्हणे मुकी लेकरं आहेत. नाहीतर मग नळाचं पाणी, साठवलेलं असतं ना आमच्याकडे. उन्हाचं म्हणाल तर मधल्या खोलीला खिडकीच नाही — म्हणून तर ह्यांनी टाकी इथं ठेवली. तुमच्याच दुकानातून नेलेली रोपं ना ही? हे म्हणायचे, ही आपल्या केळीसारखी नाहीत, सावलीतली आहेत, ह्यांना थोडा उजेड पुरतो, जास्त दिला तर तो ह्यांच्या तोंडी पडत नाही, शेवायच खाऊन जाते. सकाळी दिवा लावायचे, समोर खुर्ची टाकून बसायचे, अन् जेवायला उठले की आधी बटन बंद, मग हात धुवायचे.

त्यांचं सगळ्याच दिव्यांचं तसं. जन्म गेला ना दीपनगरला, पॉवर हाऊसमध्ये. गावभर उजेड करायचा अन् घरी आले की ह्या खोलीचं बटन बंद, त्या खोलीचं बटन बंद — गल्लीतल्या बाया मला चिडवायच्या, बेबाबाई, तुमच्याकडे दिव्याखाली अंधार. मी पीठ घ्यायला गेले अन् मागं दिवा राहिला की ओरडायचे, “लाईट काहाले चालू ठेवला वं? जो मांगून निंघीन त्यानं बटन बंद करायचं!” — शेवटी निघेल त्यानं दिवा मालवायचा, एवढाच एक कायदा आमच्या घरात. डिंपलचं लग्न झालं, मांडव उठला, सगळे रडताहेत अन् हे हॉलचे दिवे बंद करत फिरताहेत. मी तेव्हा रागावले होते. नंतर बघते तर शेवटच्या बटनापाशी भिंतीकडे तोंड करून उभे.

टाकीच्या दिव्याचा तो पॉइंट होय… तो इन्वर्टरवर घेतला मी, वीज गेली तरी चालू राहतो. एवढाच. नाही, पंखा नाही त्यावर. — असं बघू नका भाऊ. सांगते. बंद नाही करत मी. दिवसा नाही, रात्री पण नाही. तुम्ही आल्या आल्याच ओळखलं असेल, मीच आपली लताबाईंच्या नावानं खडे फोडते, बिचारीनं काय केलं.

त्या दिवशी मी जेवायला हाक मारली. एकदा मारली, दोनदा मारली. स्वयंपाकघरातून वाकून बघितलं तर इथला उजेड दिसत होता, म्हटलं बसले असतील माशांपुढे, येतील. काळजीच नाही वाटली मला — दिवा चालू म्हणजे हे आत आहेत, एवढं पक्कं होतं ना! वरण निवलं. मग आले बघायला, तर… त्या खुर्चीवरच. डोळे टाकीकडे. दहा दिवस इथं समई ठेवली रीतीप्रमाणे, तेल घालत राहिले, दहाव्याला बायांनी ती उचलली. टाकीचा दिवा कोणी बंद केला होता काय माहीत. सगळे गेल्यावर मी दारात उभी राहिले — इतका अंधार हो भाऊ ह्या खोलीत, इतका! मले नाही झालं सहन. हात घातला अन् बटन दाबलं. आता भाकरी थापता थापता मान वळवली की इकडून उजेड दिसतो. हे आत आहेत. खोटं आहे, कळतं मला. पण भाकरी होते.

काय? चार दिवस झाकून ठेवायचं? दिवा बंद अन् वरून जाड कापड, कुठूनच उजेड नको… हो, हे पण करायचे तसं, त्यांची पॉवर हाऊसची घोंगडी टाकायचे, मी म्हणायची, माशांना निजवता का? आहे ना घोंगडी. पेटीत आहे. पण भाऊ — पुन्हा झाकायचं? ह्याच खोलीत? एकदा झाकलेलं बघितलंय मी.

अन् नाही झाकलं तर? सगळी रोपं? मुळापासून? ती बारीक पानांची पण — ती त्यांनी हातानं दोऱ्यानं बांधली होती लाकडाला, चष्मा नाकावर ओढून. ती पण गुदमरतील?

… “मांगून निंघीन त्यानं.” हे तर निघून गेले माय, अन् मी कोणाची वाट बघते?

ही घ्या घोंगडी, एक टोक धरा. हां, तिकडून ओढा. पुरते. — नाही नाही, बटनाला हात नका लावू. तुमची पिशवी घ्या. चपला दाराशीच आहेत. पैसे लताबाईंकडे ठेवलेत. तुम्ही व्हा पुढे भाऊ.

मागून मी निघते.