इतर कामासाठी नऊ दाबा

…आणि वर हे ऐका, 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणे. अगं, महत्त्वाचा आहे तर उचल ना! नाही, तुम्हा शेजाऱ्यांना नाही हो, तुम्ही बसा, जिन्यावरच बसा. ही फोनमधली बाई. तुम्हाला सांगतो, हे समोरचं दार माझं, घर माझं, कानाला लावलेला मोबाईल माझा, आणि ज्या दुकानाचा नंबर मी लावलाय ना, ते दुकानसुद्धा माझंच. म्हणजे मीच मला फोन केलाय आणि मीच मला ताटकळत ठेवलंय. 'रांगेत आपल्या आधी पाच जण आहेत.' बघा, आकडासुद्धा सांगते. सिस्टीम उत्तम आहे. सिस्टीमबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, तुझा धंदा काय तर लोकांची कुलपं उघडून द्यायची, आणि तू स्वतःच्याच दाराबाहेर? हसा, हसा. कुठलंही कुलूप आणा, दोन तारा घालतो, तुमचं बोलणं संपायच्या आत उघडून देतो. पण आतून कडी घातली असेल तर तार घालायची कुठे? कडीला काय भोक असतं? आणि कडी कोणी घातलीय, तर माझ्या सख्ख्या आत्यानं. बेल वाजवली ना, चांगली दाबून धरली, तर आतून काय आवाज आला… "फोन चालू आहे, नंतर या." मला म्हणते, नंतर या. ज्या पोराला हिनं कडेवर घेऊन फिरवलं त्याला 'या'!

आणि ते जाऊ द्या, पायपुसण्याकडे बघा. त्या तपकिरी सँडल दिसतायत? टाचा झिजलेल्या? त्या समोरच्याच्या. समोरचा म्हणजे माझ्या दुकानासमोरचा, तोही कुलूपवाला. इतकी वर्षं आम्ही रोज सकाळी शटर वर करताना एकमेकांकडे बघून हसतो, दात दाखवण्यापुरतं. तो माणूस या क्षणी आत माझ्या खुर्चीवर बसलाय. मघाशी बायकोचा फोन आला तिच्या ऑफिसातून, "अहो, तुम्हाला कळलं का? ते समोरचे आज घरी येणारेत, आत्यांना विचारायला. त्यांच्या दुकानात फोनवर बसाल का म्हणून." मी म्हटलं, असं कसं विचारतो? आत्या काय उसनी न्यायची शिडी आहे? कारागिराला म्हटलं, दुकान बघ, आणि धावत सुटलो तो इथे येऊन थडकलो.

'आपल्या आधी पाच जण आहेत.' अजून पाचच. जो आधी बोलतोय तो काय आत्मचरित्र सांगतोय का?

तुम्हाला आत्या म्हणजे काय ते माहीत नाही. वडिलांनी दुकान काढलं त्या दिवसापासून फोनवर आत्या. लाकडी खुर्ची, खुर्चीवर तिची ती निळी उशी आणि पुढ्यात फोन. आता दाराबाहेर अडकलेला माणूस कसा बोलतो सांगू? बोलत नाही तो, किंचाळतो. आत गॅसवर दूध, आत मूल झोपलेलं, याच्या अंगावर एक टॉवेल, आणि वाऱ्यानं दार धाडकन लागलेलं. आत्या आवाज चढवत नाही. "कोण रे तू? बरं. आधी श्वास घे. दूध उतू गेलं तर जाऊ दे. मूल रडतंय? नाही ना, मग झोपलंय. किल्ली आहे ना हातात, मग फिरत नाही म्हणून कशाला ओरडतोस? दार आधी स्वतःकडे ओढ. ओढून धर. आता फिरव… उघडलं? जा, गॅस बंद कर." आणि फोन खाली! मी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून, चप्पल पायात घालून तयार, आणि हिनं बसल्या जागी दार उघडून दिलेलं. मी म्हणायचो, "आत्या, हा धंदा आहे, धर्मशाळा नाही." तर म्हणायची, "नुसतं ओढून उघडणारं कुलूप फोडून तू काय दिवे लावणार आहेस?"

आता या बाईपुढे धंदा कसा करायचा? म्हणून मी सिस्टीम आणली. म्हणजे मी आणली नाही, एक टायवाला आला आणि त्यानं ती माझ्या गळ्यात घातली. "सर, हा साधा फोन नाही सर. हा इंटरनेटवर चालतो सर. तार नाही, खांब नाही, तुमचा नंबर आता क्लाउडवर राहणार सर. क्लाउड म्हणजे ढग." आत्यानं चष्म्यावरून बघितलं. "आणि ढग सरकला की?" तो म्हणाला, "नाही मावशी, हा तसा ढग नाही." "मग ढग कशाला म्हणतोस?" झालं. टायवाला घाम पुसायला लागला. पण जाता जाता एक वाक्य टाकून गेला… "सर, छोट्या धंद्याला मोठ्या कंपनीचा रुबाब!" रुबाब. तुम्हाला सांगतो, तो शब्द माझ्या डोक्यात असा बसला की दोन रात्री उठून आरशापुढे आवाज काढून बघितला, 'नमस्कार, आपलं स्वागत आहे.'

मग मी आत्याला म्हटलं, "आता तू आराम कर." प्रेमानं म्हटलं हो. कोणालाही विचारा, आराम कर हे वाक्य वाईट आहे का? तिनं रिसीव्हर नीट जागेवर ठेवला. उशी उचलली, काखेत मारली आणि रस्त्याला लागली. बसची वाट बघितली नाही, सरळ चालत घरी. खुर्ची नुसतीच उरली, लाकडाची. खोटं कशाला सांगू, मी तिच्याकडे पाठ करून बसलो. पण तेवढ्यात सिस्टीम चालू झाली आणि मी विसरलो.

काय सिस्टीम हो! रांग सांगणारी बाई कंपनीची, पण बटणं माझ्या आवाजात, घसा खाकरून… 'आत अडकला असाल तर एक दाबा. बाहेर अडकला असाल तर दोन दाबा. किल्ली कुलपात तुटली असेल तर तीन दाबा. इतर कामासाठी नऊ दाबा.' टायवाल्यानं विचारलं होतं, "सर, नऊ कुठे सोडू? एक जादा फोन मिळतो सिस्टीमबरोबर." मी म्हटलं, "घरी लाव, आत्याच्या खोलीत, तेवढाच तिला विरंगुळा. नऊ कोण दाबतंय?" नऊ कोण दाबतंय… हे माझं वाक्य. माझ्याच तोंडचं.

पहिल्याच दिवशी एका बाईंचा फोन. त्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या आणि मागे दार लागलं. "अहो, मी बाहेर आहे, पण घरातच आहे. मी काय दाबू?" आता प्रश्न चुकीचा आहे का? बाल्कनी म्हणजे आत की बाहेर? मी म्हटलं बाहेर, कारागीर म्हणाला आत, आमचा वाद पेटला आणि बाई तिकडे उन्हात. दुसरा एक बाथरूममध्ये अडकलेला, हाताला साबण. एक दाबायला जातो आणि चार दाबला जातो. चारला मी काही ठेवलंच नव्हतं. 'आपण चुकीचा पर्याय निवडला आहे,' माझाच आवाज, इतका गोड. तो म्हणतो, "माहितीये रे, म्हणून तर अडकलोय!" सगळं रेकॉर्ड झालंय. सिस्टीम उत्तम आहे, सगळं रेकॉर्ड होतं.

'आपल्या आधी चार जण आहेत.' चला, एक सुटला.

मग काय झालं, दुकानातला फोन वाजायचाच बंद झाला. मी म्हटलं ढग सरकला. कंपनीला फोन लावला, तर तिथेही एक दाबा, दोन दाबा. शेवटी टायवाला सापडला. "सर, सिस्टीम उत्तम आहे सर. फोन धो धो येतायत. फक्त सगळे नऊ दाबतात." सगळे? नऊ? अहो, कुलूपवाल्याकडे 'इतर' काय काम असतं? पण नंतर माझ्या लक्षात आलं. माणूस घाबरला की त्याला आत कळत नाही, बाहेर कळत नाही. त्याला वाटतं जे माझ्यावर गुदरलंय ते जगात कोणावर गुदरलं नसेल. तो 'इतर'च दाबणार! आणि नऊवर कोण? "कोण रे तू? आधी श्वास घे."

गावभर झालं, नऊ दाबा, एक बाई आहेत, त्या उघडून देतात. बरणीचं झाकण निघत नाही, नऊ. बॅगेची चेन अडकली, नऊ. एक जण तर म्हणाला, "बायको बेडरूमचं दार उघडत नाही." मी स्वतः ऐकलंय रेकॉर्डिंग. आत्या विचारते, "कुलूप आहे की रुसवा?" तो म्हणाला, "रुसवा." "मग त्याची किल्ली माझ्याकडे नाही. दाराशी बस आणि चूक झाली म्हण. मोठ्यानं नको, शेजारी ऐकतात."

मला राग येणार की नाही? दुकान माझं, सिस्टीम माझी. बरं, त्याच आठवड्यात दुकानात गर्दी वाढली, नवी कुलपं घेणारे, जादा किल्ल्या करून घेणारे. मी छाती काढून कारागिराला सांगतोय, बघ, याला म्हणतात रुबाब! तर प्रत्येक गिऱ्हाईक आत आल्या आल्या रिकाम्या खुर्चीकडे बघतं आणि विचारतं, "त्या कुठायत? त्यांनीच सांगितलं, कुलूप जुनं झालंय, बदलून घ्या, इथूनच घ्या." …इथूनच घ्या. हे ऐकून एखादा शहाणा गप्प बसला असता. मी काय केलं? काल रात्री जेवताना सांगून टाकलं, "आत्या, उद्या संध्याकाळी टायवाला येईल, नऊ काढून टाकेल." तिनं ताटावरून मान वर केली नाही. म्हणाली, "काढ. नंबर तुझा, दुकान तुझं."

आणि आज या सँडल.

समोरचा काय म्हणत असेल मला पाठ आहे. "या आत्याबाई, आमच्याकडे ढग नाही की बटणं नाहीत. साधा फोन. वाजला, उचलला, बोललं." आणि खुर्ची देईल, गादीची देईल, लबाड आहे तो. आणि ती जाईल हो. का जाऊ नये? मी काय ठेवलंय तिला थांबण्यासारखं? एक नऊ होता, तोही काढायला निघालो. उद्या सकाळी मी शटर वर करणार आणि रस्त्यापलीकडे त्या खुर्चीत माझी आत्या… नाही. ते मला बघवायचं नाही. धंद्याचं सोडा, धंदा मी कसाही करीन, पण ते बघवायचं नाही.

'आपल्या आधी एक जण आहे.' आला आला नंबर, मीही नऊच दाबलाय. थांबा, बोलू नका कोणी. तुम्ही ते पिशवी वाजवणं बंद करा.

"बोला, काय अडकलंय?"

आत्या, मी. …मी म्हणजे कोण काय? अगं, मी. …बाहेर. …बाहेर म्हणजे दाराबाहेर, आपल्… या घराच्या. …वाजवली बेल! तू 'नंतर या' म्हणालीस. …ते आहेत ना आत? …काय म्हणतायत? …अहो, ऐका, ती म्हणतेय तो मघापासून नुसता बसलाय, हिनं त्याला सांगितलंय, फोन संपला की बोलू, आणि फोन संपतच नाही. …नाही, तुला नाही, हे शेजारचे. सगळे आहेत. …असू देत.

आत्या, ऐक. नऊ नाही काढत. हवं तर एक, दोन, तीन काढतो, नुसता नऊ ठेवतो. तू जाऊ नको. …धंद्यासाठी नाही म्हणत. खुर्ची बघवत नाही मला ती. उशी घे आणि चल दुकानात. …आत्या? ऐकतेयस ना?

…

काय म्हणाली विचारताय? म्हणाली, "ऐकलं. जरा होल्डवर थांब हं, दुसऱ्या लायनीवर आपलं गिऱ्हाईक आहे."

आपलं म्हणाली. ऐकताय ना तुम्ही, 'आपलं' म्हणाली! …हो, कडी अजून तशीच आहे, दिसतंय मला. म्हणजे समोरचा आत होल्डवर आणि मी बाहेर होल्डवर. सरका हो जरा, मलाही बसू द्या. वेळ लागेल… गिऱ्हाईक आधी.